चुना, सोडा आणि बांबूतली सिलिका

बांबूचा कागद करायचा तर आधी बांबूतले लिग्निन विरघळवावे लागते. तंतूंना एकमेकांशी घट्ट धरून ठेवणारा हा पदार्थ कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या द्रावणात, साधारण १६० ते १७० अंश सेल्सिअसला सुटतो आणि तंतूंचा लगदा मागे उरतो. वर्धा नदीकाठी बल्लारपूरला ज्या कंपनीची पेपर मिल उभी राहिली, ती १९४५ साली स्थापन झाली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू हा या मिलचा मूळचा कच्चा माल. निलगिरी आणि सुबाभूळ पुढे आले. जंगलातून येणारे बांबूचे ट्रक या भागात सगळ्यांनीच पाहिलेले असतात. बांबू शिजवणारे रसायन मात्र अशा कारखान्यांच्या आतच पुन्हा पुन्हा तयार होते, आणि तेही कधीच पुरी न होणाऱ्या एका अभिक्रियेतून.

लगदा धुतल्यावर निघणाऱ्या काळ्या पाण्याला ब्लॅक लिकर म्हणतात. ते आटवून भट्टीत जाळले की लिग्निन जळून जाते आणि वितळलेले क्षार उरतात. ते पाण्यात विरघळवले की ग्रीन लिकर मिळते. लोहाच्या संयुगांमुळे त्याला हिरवट रंग येतो. त्यात सल्फाइड असते, पण कॉस्टिकच्या जागी मुख्यतः सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा असतो. त्यात कळीचा चुना टाकतात. तो विरतो, द्रावण उकळीच्या जवळ पोचते, आणि विरलेला चुना व सोडा मिळून कॉस्टिक सोडा आणि कॅल्शियम कार्बोनेट बनते. हे कार्बोनेट पांढरा गाळ होऊन तळाशी बसते. वरचे नितळ द्रावण म्हणजे व्हाइट लिकर.

चुना पाण्यात थोडाच विरघळतो, कॅल्शियम कार्बोनेट त्याहून कितीतरी कमी. द्रावणातले कार्बोनेट गाळात अडकत जाते म्हणूनच अभिक्रिया पुढे सरकते. पण जसजसे हायड्रॉक्साइड साठते तसतसा चुना विरघळणे कमी होते, आणि एका टप्प्यावर पुढची व उलटी अभिक्रिया सारख्याच वेगाने चालू लागतात. हाच रासायनिक समतोल. कारखान्यातल्या नेहमीच्या दाट द्रावणात शंभरातले ८० ते ८५ भागच सोडा कॉस्टिकमध्ये बदलतो. सल्फाइडही पाण्याशी मिळून थोडे हायड्रॉक्साइड सोडते, तेवढी आणखी अडचण.

मग चुना वाढवला तर? कोणालाही पहिल्यांदा हेच सुचते, पण त्याचा उपयोग होत नाही. द्रावण चुन्याने संपृक्त झाल्यावर तळाशी एक पोते न विरघळलेला चुना आहे की दहा, याने समतोल हलत नाही. जादा चुन्याने गाळ मात्र सावकाश बसतो आणि गाळण्या तुंबतात. तापमान वाढवल्याने वेग वाढतो, समतोलाची जागा फारशी बदलत नाही. पाणी वाढवले तर ती बदलते: एका कार्बोनेटमागे दोन हायड्रॉक्साइड तयार होत असल्याने पातळ द्रावणात अभिक्रिया पुढे जाते आणि रूपांतर ९५ टक्क्यांच्या वरही नेता येते. पण तेच पाणी पुढे वाफ करून घालवावे लागते, आणि त्याला इंधन लागते. म्हणून १५-२० टक्के सोडा तसाच फिरता ठेवणे हा शहाणपणाचा हिशेब आहे.

समतोलाला धक्का दिला तर तो त्या धक्क्याचा परिणाम कमी करणाऱ्या दिशेने सरकतो, हा नियम आंरी ल शातलिए यांनी १८८४ साली मांडला. सल्फाइड वापरून लगदा करण्याच्या कार्ल डाल यांच्या पद्धतीचे अमेरिकी पेटंटही त्याच वर्षीचे. ल शातलिए यांनी सिमेंट कसे घट्ट होते यावरही मोठे संशोधन केले. चंद्रपूरसारख्या चुनखडीच्या आणि सिमेंट कारखान्यांच्या जिल्ह्यात त्यांचे नाव दोन्ही अंगांनी आपले वाटावे.

व्हाइट लिकरची तपासणी म्हणजे हाच नियम शंकूपात्रात पाहणे. नमुन्यात बेरियम क्लोराइड टाकले की कार्बोनेट पांढरा साका होऊन बाजूला पडते. फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकल्यावर द्रावण गडद गुलाबी होते. ब्युरेटमधून थेंबथेंब हायड्रोक्लोरिक आम्ल सोडत गेले की एका थेंबाला गुलाबी रंग जातो. आता फॉर्माल्डिहाइड टाकायचे. काही क्षणांत गुलाबी रंग परत येतो! सल्फाइडपासून बनलेल्या हायड्रोसल्फाइडला फॉर्माल्डिहाइड धरून ठेवते आणि त्या बदल्यात हायड्रॉक्साइड सुटते. रंग पुन्हा घालवायला जे आम्ल लागते त्यावरून सल्फाइडचा हिशेब निघतो.

बांबूची खरी अडचण त्यातल्या सिलिकेची. लाकडाच्या मानाने बांबूत ती कितीतरी जास्त असते. ती सिलिकेट होऊन लिकरमध्ये उतरते आणि चुन्याशी मिळून कॅल्शियम सिलिकेट बनते. असा गाळ भाजून पुन्हा चुना करत राहिले तर सिलिका फेरीफेरीला साठत जाते. म्हणून बांबूवर चालणाऱ्या कारखान्यांना नवा चुना घेत राहावे लागते आणि गाळाचे ढीग वाढतात. यावर उपाय आम्लाचाच, पण हलक्या हाताने: ब्लॅक लिकरमधून कार्बन डायऑक्साइड सोडायचा. पीएच दहाच्या जरा वर आला की सिलिका साक्यात येते आणि लिग्निन द्रावणातच राहते. आणखी खाली गेले की लिग्निनही बसू लागते आणि सगळे चिकट होते. हातात असलेली जागा इतकी अरुंद आहे.

लिकरमध्ये तीव्र आम्ल बेताशिवाय पडले तर प्रकरण धोक्याचे होते. पीएच सातच्या खाली उतरला की बहुतेक हायड्रोसल्फाइडचा हायड्रोजन सल्फाइड होतो. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू जास्त प्रमाणात असला तर नाकाची जाणीवच मारतो आणि जीवही घेतो. म्हणून आम्लयुक्त सांडपाणी आणि लिकरचे सांडपाणी एका गटारात मिसळू देत नाहीत.

लगदा पांढरा करताना, म्हणजे विरंजनातही, आम्लाचा तोच धोका. क्लोरीन पाण्यात गेला की हायपोक्लोरस आम्ल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्याशी त्याचा समतोल असतो. अल्कली घातली की हायपोक्लोराइट बनते. आम्ल घातले की समतोल उलटा फिरतो आणि क्लोरीन वायू बाहेर पडतो. कपडे पांढरे करायचे ब्लीच आणि संडास साफ करायचे आम्ल घराघरांत शेजारी शेजारी ठेवलेले असते. ही दोन्ही कधीही एकत्र ओतू नयेत, एकानंतर दुसरे वापरतानाही मध्ये भरपूर पाणी सोडावे.