छातीचे विकार, लेखांक सातवा : इलाजाची घाई आणि इलाजाची सबुरी
दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला टिकला तर बेडका तपासून घ्यावा, हे मागील लेखांकात सांगितले. परंतु बेडक्यात जंतू सापडला म्हणजे इलाजाचा निकालही लागला, असा जो समज रूढ आहे, तो प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत खरा ठरत नाही.

आपल्या भंडारा जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांध्यांतून कमरेत वाकून राबणारा, तुमसरकडील मँगनीजच्या खाणीत उमेद घालवलेला किंवा वर्षानुवर्षे बिडी ओढलेला मनुष्य जेव्हा धाप लागते म्हणून दवाखान्यात येतो, तेव्हा त्याच्या छातीच्या फोटोत पुष्कळदा पूर्वीच्या क्षयाचे व्रण असतात. असे जीर्ण फुप्फुस माती-पाण्यात सर्वत्र वसणाऱ्या, क्षयजंतूंच्याच कुळातील परंतु क्षय न करणाऱ्या जंतूंना आश्रय देते. आणि पंचाईत अशी, की झील-नील्सन पद्धतीने रंगवलेल्या काचपट्टीवर दोघेही सारखेच तांबड्या काड्यांसारखे दिसतात. सीबीनॅट ही चाचणी सुमारे दोन तासांत क्षयजंतू आहे की नाही हे सांगते, शिवाय रिफॅम्पिसिन त्यास लागू पडेल काय, याचाही दाखला देते. काचपट्टीवर जंतू दिसूनही ही चाचणी नकारार्थी आली, तर कल्चरने, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून, खातरजमा केल्यावाचून पुन्हा क्षयाच्या गोळ्या सुरू करणे मला प्रशस्त वाटत नाही.

क्षय ठरला तर तकरारीस जागाच नाही : औषध तत्काळ सुरू करावे. साध्या क्षयात पहिले दोन महिने चार औषधे, पुढील चार महिने तीन. औषध सरकारी दवाखान्यात मोफत, आणि पोषणासाठी नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 1000 रुपये.

दुसऱ्या जंतूंची गोष्ट निराळी. ते सामान्यतः माणसापासून माणसाला लागत नाहीत, आणि एखाद्या नमुन्यात पाण्यातूनही शिरतात. म्हणून लक्षणे, फोटोतील पुरावा आणि वेगवेगळ्या दोन बेडक्यांच्या कल्चरमध्ये तोच जंतू, असे तिन्ही जुळल्याशिवाय रोग मानीत नाहीत. 2020 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेचा कल, विशेषतः काचपट्टीवर जंतू दिसत असल्यास किंवा फुप्फुसात पोकळी असल्यास, इलाज सुरू करण्याकडे आहे. मात्र सौम्य लक्षणांच्या वृद्धास काही काळ निगराणीखाली ठेवणेही गैर नव्हे, कारण या कुळातील नेहमीच्या एव्हियम जंतूवर अ‍ॅझिथ्रोमायसिन, रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल ही तीन औषधे कल्चर निर्जंतुक झाल्यानंतरही बारा महिने घ्यावी लागतात, आणि त्यांतील इथॅम्ब्युटॉल दृष्टीवर, अ‍ॅझिथ्रोमायसिन श्रवणशक्तीवर परिणाम करू शकते. गोळी लिहून दिली नाही म्हणजे डॉक्टरास काही कळले नाही, असे मानणारे नातेवाईक या सबुरीला टिकू देत नाहीत. तथापि पुढील तपासणीची तारीख न ठरवता केलेली निगराणी ही निव्वळ हयगय होय, हेही तितकेच खरे.

आणखी एक धोका आहे. खोकला म्हटला की औषधविक्रेत्याकडून अ‍ॅझिथ्रोमायसिनची पट्टी घेण्याचा शिरस्ता पडला आहे. या दुसऱ्या जंतूंच्या रोगात ते एकटे दीर्घकाळ घेतल्यास जंतू त्यास जुमानेनासा होतो, आणि इलाजाचा मुख्य आधारच हातचा जातो.

तेव्हा वाचकहो, अहवाल हाती आला की "जंतू कोणता?" एवढे डॉक्टरांस अवश्य विचारा, आणि ज्यांची क्षयाची औषधे चालू आहेत, त्यांनी हा लेख वाचून त्यांत एका दिवसाचाही खंड पाडू नये.