संगणकीय छायाचित्र-संपादनातील धूसरीकरण : स्वरूप आणि मर्यादा

प्रस्तावना
छायाचित्र-संपादनात धूसरीकरणाचा, म्हणजेच ब्लरचा, उपयोग प्रामुख्याने दोन हेतूंनी केला जातो. पार्श्वभूमी अंधुक करून मुख्य विषयाला उठाव देणे हा पहिला, तर व्यक्तीची ओळख लपविणे हा दुसरा हेतू होय. पहिल्यात चूक झाल्यास केवळ चित्र बिघडते; दुसऱ्यात मात्र व्यक्तीची सुरक्षितता धोक्यात येते. म्हणूनच धूसरीकरणाची प्रक्रिया व तिच्या मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रक्रिया
करड्या छटेच्या सामान्य डिजिटल चित्रात प्रत्येक पिक्सेलला ० (काळा) ते २५५ (पांढरा) यांपैकी एक मूल्य असते. बॉक्स ब्लरच्या सर्वांत साध्या प्रकारात पिक्सेल स्वतः व भोवतालचे आठ, अशा नऊ पिक्सेलांची सरासरी त्याच्या जागी ठेवली जाते. त्यामुळे पांढऱ्या पृष्ठभागावरील एकमेव काळ्या पिक्सेलचे मूल्य ० वरून सुमारे २२७ होते. गॉसियन ब्लरमध्ये जवळच्या पिक्सेलांना अधिक व दूरच्यांना कमी भार दिला जातो. मध्यास ४, चार बाजूंना प्रत्येकी २ व चार कोपऱ्यांना प्रत्येकी १ भार दिल्यास तोच पिक्सेल सुमारे १९१ होतो.

मर्यादा
वरील उदाहरणात काळा पिक्सेल दिसेनासा झाला, तरी त्याचा अंश शेजारच्या पिक्सेलांत उरतो. धूसरीकरणाने माहिती विखुरते; ती पूर्णपणे पुसली जातेच असे नाही. २०१६ मध्ये टेक्सास विद्यापीठ (ऑस्टिन) व कॉर्नेल टेक येथील संशोधकांनी दाखवून दिले की, संभाव्य व्यक्तींची छायाचित्रे उपलब्ध असल्यास प्रशिक्षित संगणकीय जाळे धूसर चेहऱ्यांतूनही व्यक्ती ओळखू शकते.

भारतीय संदर्भ
लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम २३ नुसार, विशेष न्यायालयाच्या परवानगीविना प्रसारमाध्यमांना पीडित बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, परिसर इत्यादी ओळख पटविणारा तपशील उघड करता येत नाही. अर्थात, चेहरा धूसर करून शाळेचा गणवेश वा घराची पाटी तशीच ठेवल्यास कायद्याचा हेतू साध्य होत नाही.

निष्कर्ष
सौंदर्यवृद्धीसाठी धूसरीकरण उपयुक्त आहे. ओळख लपविण्यासाठी मात्र ते विश्वसनीय नाही. त्यासाठी संबंधित भाग पूर्णतः अपारदर्शक एकाच रंगाने झाकावा, सर्व थर एकत्र करून नवी प्रत तयार करावी व तीच प्रसिद्ध करावी. शक्य असल्यास असे छायाचित्र न वापरणे हेच अधिक श्रेयस्कर ठरते.