संगणकाच्या वीजतारा : शोभा आणि सुरक्षितता

आमचे कित्येक विद्यार्थी हल्लीं आपला संगणक स्वहस्तें जुळवूं लागले आहेत. पेटीला कांचेची बाजू असते. तेव्हां आंतील तारा रंगीत, विणलेल्या वेष्टनाच्या व नीट ओळींत असाव्या असें त्यांस वाटतें. ही हौस वाईट नव्हे. परंतु अशा तारा निवडतांना रंगापूर्वीं काय पाहावें, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

संगणकांतील पॉवर सप्लाय हा भिंतींतून येणाऱ्या २३० व्होल्टच्या विजेपासून १२, ५ व ३.३ व्होल्टची वीज तयार करून ती तारांवाटें इतर भागांस पुरवितो. कांहीं पॉवर सप्लायच्या तारा दोन्ही टोंकांकडून सुट्या होतात, आणि घोटाळा येथेंच होतो. मदरबोर्ड, डिस्क इत्यादिकांकडील टोंकाची रचना प्रमाणानें ठरलेली आहे. पॉवर सप्लायकडील टोंकाची मात्र ठरलेली नाहीं. ती प्रत्येक कारखानदार आपल्या सोयीनें ठेवतो. एकाच कारखान्याच्या दोन नमुन्यांतहि कधीं भेद असतो. त्यामुळें परक्या कंपनीची तार जागेवर बेमालूम बसते, पण ५ व्होल्टच्या वाटेनें १२ व्होल्ट जाऊन डिस्क जळूं शकते, आणि तिच्याबरोबर घरचीं छायाचित्रें व वर्षाचा अभ्यासहि जातो. तार बसली म्हणजे ती जुळली असें नव्हे. सबब दुकानदारास केवळ कंपनीचें नांव न सांगतां पॉवर सप्लायच्या नमुन्याचें पूर्ण नांव सांगावें.

दुसरी गोष्ट जाडीची. तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें वरच्या वर्गांतील मुलांस ठाऊक आहेच. प्रवाह दुप्पट झाला कीं उष्णता चौपट. ६०० वॅट घेणाऱ्या ग्राफिक्स कार्डास १२ व्होल्टवर ५० ॲम्पिअर प्रवाह लागतो. गेजचा अंक जितका लहान तितकी तार जाड. सामान्यतः १८ गेज पुरते, जड कामास १६ गेज बरी. तार शुद्ध तांब्याची असावी. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची घेऊं नये, कारण तिचा रोध अधिक असतो.

तिसरी गोष्ट जोडणीची. सन २०२२ मध्यें एन्व्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० ह्या कार्डांचे कांहीं कनेक्टर वितळले. कनेक्टर पुरता आंत न बसणें हें त्याचें एक कारण आढळलें, आणि सन २०२३ मध्यें त्याची रचना सुधारण्यांत आली. म्हणून कनेक्टर शेवटपर्यंत दाबून बसवावा व त्याच्या अगदीं तोंडाशीं तार दुमडूं नये.

केवळ शोभाच हवी असेल, तर मूळ तारा तशाच ठेवून त्यांपुढें रंगीत एक्स्टेन्शन जोडावी. तिचीं दोन्ही टोंकें प्रमाणबद्ध असल्यामुळें अदलाबदलीचें भय राहत नाहीं. मात्र एक सांधा वाढतो, म्हणून फार वीज घेणाऱ्या कार्डास ती न लावणें बरें.

पालकांस आमची एवढीच विनंति कीं, मुलानें तारांचा हट्ट धरल्यास एकदम नाहीं म्हणूं नये. आधीं त्याला पॉवर सप्लायवरील नमुन्याचें नांव वाचावयास लावावें, आणि भिंतींतील प्लग काढल्यावांचून पेटी उघडूं देऊं नये. मग रंग त्याच्या आवडीचा खुशाल असूं द्यावा.