थंड खोलीत सुकलेली रोपे

गंगापूर रोडने धरणाकडे निघाले की रोपवाटिका लागतात. आम्ही कापडवाले, पण बारदानामुळे या धंद्याशी आमचा संबंध येतो. हिमाचल प्रदेशातील हरिमन शर्मा (पद्मश्री, २०२५) यांनी कमी थंडीत फळणारे 'एचआरएमएन-९९' सफरचंद पुढे आणले, तेव्हापासून महाराष्ट्रातही त्याची रोपे मागवतात. ती हिवाळ्यात, पानगळ झाल्यावर, माती झटकून उघड्या मुळांनी येतात. वजन कमी, भाडे कमी.

आमच्या ओळखीच्या एका रोपवाटिकावाल्याचा असाच माल आला, पण गिऱ्हाइकाचे खड्डे तयार नव्हते. रोपे माझ्याकडच्या कोऱ्या बारदानात गुंडाळून बारा दिवस शीतगृहात ठेवली. थंडीत काय सुकणार, असे मीही म्हणालो. लावणीनंतर कोंब फुटले, पैसे चुकते झाले, आणि मार्चच्या उन्हात निम्मी रोपे वाळली. विकणारा म्हणे पाणी घातले नाही, घेणारा म्हणे माल खराब.

खरे कारण थंड खोलीतच होते. खोलीतल्या हवेपेक्षा तिथली नळी जास्त गार असते. हवेतील ओलावा तिच्यावर बर्फ होऊन बसतो आणि पंखा ती कोरडी हवा मालावर फेकीत राहतो. बारीक मुळांना साल अशी नसतेच, म्हणून ती आधी मरतात. खोडातल्या साठ्यावर कोंब मात्र फुटतात, त्यामुळे ऐब महिनाभर झाकलेला राहतो. आपले द्राक्षवाले हे जाणतात. देठ सुकू नये म्हणून ते पेटीत प्लास्टिकचे अस्तर घालतात.

आणि माझे बारदान? सुताच्या व्यापारात कोरड्या वजनावर कापसाला ८.५ टक्के आणि तागाला १३.७५ टक्के ओलावा धरण्याचा रिवाज आहे. ताग पाणी किती ओढतो, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असायला हवे होते? कोरड्या तागाने मुळांचेच पाणी प्यायले. मालेगावचे कारखानदार सूत तुटू नये म्हणून शेडमध्ये पाणी शिंपतात, आणि मी कोरी पोती देऊन मोकळा झालो!

बारदान भिजवून निथळून घ्यावे, ठिबकते ठेवले तर बुरशी धरते. वरून प्लास्टिकची पिशवी बंद करावी आणि जुडी पंख्यासमोर ठेवू नये. लावण्याआधी काही तास मुळे पाण्यात ठेवली तर तहान भागते, पण मेलेले मूळ उठत नाही. नखाने खरवडून पाहावे: आत पांढरे असेल तर जिवंत, तपकिरी असेल तर गेलेले. सर्वात सोपा उपाय तराजूचा. जुडी ठेवताना आणि काढताना तोलावी. जे घटले ते पाणी, आणि तो आकडा चिठ्ठीवर लिहून गिऱ्हाइकाला दाखवावा. मालाचा ऐब सांगून विकणे शरीयतने आपल्यावर टाकलेच आहे, इथे तो काट्यावर दिसतो.

त्या मालाचा निम्मा तोटा मी उचलला. रोपवाटिकावाला नको म्हणत होता. पुढच्या हंगामात त्याने पोती माझ्याकडूनच नेली, भिजवून.