मतभेद असो, मनभेद नको

अर्धवट इंग्रजी धंद्यात किती महाग पडते, याचे एक उदाहरण आमच्या पाहण्यात आले. अमरावतीत लाकडी पेट्या बनवणाऱ्या एका कारागीर बंधूंनी परगावच्या पार्टीकडे भाव वाढवून मागितला. उत्तर इंग्रजीत आले. भावाबाबत त्यात लिहिले होते, 'वुई अ‍ॅग्री टु डिसॅग्री'. 'अ‍ॅग्री' म्हणजे कबूल, एवढेच त्यांना ठाऊक. ट्रक भरून माल रवाना केला. पार्टीने तो उतरवूनच घेतला नाही. जाण्यायेण्याचे भाडे अंगावर पडले.

या वाक्प्रचाराचा अर्थ 'कबूल' असा नाही. 'आपले जुळत नाही, एवढे दोघांना मान्य. पण त्यावरून भांडण नको', असा त्याचा भाव आहे. इंग्लंडचे धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी १७७० साली आपले सहकारी व्हाइटफील्ड यांच्या निधनानंतरच्या प्रवचनात तो वापरला. दोघांत धर्मविषयक मतभेद होते, तरी आदर कायम होता.

भागीदारीत ही वृत्ती फार उपयोगी पडते. अकोल्याच्या दुकानावर बसणारा भाऊ म्हणतो, उधारी द्या. अमरावतीचा कारखाना सांभाळणारा म्हणतो, रोखीनेच विका. दोघांचेही म्हणणे धंद्याच्या भल्याचेच असते; पण अबोला धरला की बरकत जाते. १९३२ च्या भागीदारी कायद्याचे कलम १२ सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर नेहमीच्या बाबी बहुमताने ठरवाव्यात, मात्र त्याआधी प्रत्येकाला मत मांडू द्यावे. धंद्याचे स्वरूपच बदलायचे तर सर्वांची संमती लागते.

पण भागीदार दोनच असतील तर बहुमत कोठून आणणार? म्हणून करारपत्रातच लवादाचे कलम लिहून घ्यावे. १९९६ च्या लवाद कायद्याप्रमाणे असा करार लेखी लागतो आणि लवादांची संख्या सम ठेवता येत नाही. एक किंवा तीन असावेत. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद तर सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहेच. तरीही आम्ही 'घरचाच माणूस आहे' म्हणून कागद टाळतो आणि मग कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो.

व्यापारी बंधूंनो, इंग्रजी पत्र आले तर ते घरातील शिकलेल्या मुला-मुलीकडून पूर्ण वाचून घ्या. भाव मंजूर की नामंजूर, हे लेखी विचारा. उत्तर हाती येईपर्यंत माल गाडीत चढवू नका.