बाळाच्या कार सीटला मुदत कशासाठी?

मंडळी, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून बाळाची जुनी कार सीट आपल्याकडे येते. धुऊन-पुसून नव्यासारखी दिसते. मग तिच्यावर मुदत कशाला? ती काय दुधासारखी नासणार आहे?

नासत नाही, पण प्लास्टिक थकतं. अंगणातली प्लास्टिकची खुर्ची आठवा. काही उन्हाळे काढते आणि एक दिवस बसल्याबरोबर पाय मोडतो. ऊन आणि उष्णतेने प्लास्टिकमधल्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, ते ठिसूळ होतं. बुलढाणा जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात बंद उभ्या गाडीत तर त्याहून कितीतरी जास्त. रात्री पुन्हा गार. या रोजच्या फुगण्या-आकसण्यातून बारीक चिरा पडू शकतात, आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

आता जोर बघा. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात गाडी समोर आदळली, तर १० किलोचं बाळ क्षणभर साधारण २०० किलोंचा हिसका देतं. मेहकर, सिंदखेड राजा भागातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर तर गाड्या याच्या दुपटीने धावतात. तो हिसका झेलायचा आहे या थकलेल्या प्लास्टिकने आणि पट्ट्यांनी.

म्हणून कंपन्या साधारण ६ ते १० वर्षांची मुदत देतात. मोजायची ती बनवल्याच्या तारखेपासून, खरेदीपासून नाही. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सीट मोडेल असं नव्हे. पुढची खात्री कंपनी देत नाही, एवढाच अर्थ. मोठ्या अपघातात सापडलेली सीट मात्र मुदत शिल्लक असली तरी वापरू नका.

घरी गेलात की सीट उलटी करून मागचा, तळाचा छाप वाचा. तारीख पुसली गेली असेल, तर मुदत संपली असंच समजा.