तळ्यातून फिशटँकमध्ये

तळ्यात जे जे हिरवे दिसते त्याला बोलताना सरसकट ‘शेवाळ’ म्हणायची सवय आहे. त्यातल्या बऱ्याचशा वनस्पतींना मात्र रीतसर फुले येतात, बी धरते. त्यांची ओळख पटवायची तर आधी जागा पाहावी, पाने नंतर. काही वनस्पती पाण्यावर सुट्या तरंगतात. काहींची मुळे तळाशी आणि पाने पृष्ठभागावर असतात. काही पूर्ण पाण्याखाली राहतात, तर काही काठच्या चिखलात वाढतात. असे चार गट पडले की शोध सोपा होतो. घरच्या टाकीत कोणती वनस्पती जगेल, हेही बरेचसे या जागेवरूनच कळते.

तरंगणाऱ्यांत जलपर्णी सर्वांच्या ओळखीची. तिचे देठ फुगीर आणि फुले जांभळी असतात. पिस्टिया दिसते पाण्यावर सोडलेल्या कोबीच्या छोट्या गड्ड्यासारखी; तिच्या पानांवरच्या बारीक लवेमुळे पाणी ठरत नाही. लेम्नाचा एकेक हिरवा ठिपका जेमतेम काही मिलिमीटरचा. त्याखाली एकच मूळ लोंबत असेल तर ती लेम्ना. मुळांचा झुबका असेल आणि खालची बाजू तांबूस असेल तर स्पायरोडेला. कार्बन डायऑक्साइड थेट हवेतून मिळत असल्याने हा गट झपाट्याने वाढतो. माशांच्या विष्ठेतून तयार होणारे नायट्रेट शोषून घेण्याचे कामही तो चांगले करतो. मात्र टाकीचा पृष्ठभाग झाकला गेला की खालच्या वनस्पतींचा उजेड तुटतो, म्हणून दर आठवड्याला निम्मा थर काढून टाकावा लागतो.

दुसऱ्या गटातले कमळ आणि कुमुदिनी पानावरून वेगळे ओळखता येतात. कमळाचे पान अखंड गोल असते, देठ मधोमध जोडलेला असतो आणि पाने बऱ्याचदा पाण्याच्या वर उभी राहतात. कुमुदिनीच्या पानाला देठापर्यंत खाच असते आणि ते पाण्यावर टेकलेले असते. दोन्ही वनस्पतींना ऐसपैस जागा आणि भरपूर ऊन लागते. त्यामुळे त्या अंगणातल्या टाक्यात ठीक, दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत नाहीत.

घरच्या टाकीसाठी सर्वांत उपयोगी तिसरा गट, म्हणजे पाण्याखालच्या वनस्पती. फसगतही इथेच होते. शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात उपड्या नरसाळ्याखाली ठेवतात ती हायड्रिला महाराष्ट्रातल्या तळ्यांत सर्रास आढळते. तिच्या प्रत्येक पेरावर तीन ते आठ पानांचे वलय असते. पान उजेडाकडे धरून भिंगातून पाहिले की कडेला करवतीसारखे दाते दिसतात. दुकानात मिळणाऱ्या इजेरियाची पाने मोठी असतात आणि नुसत्या डोळ्यांना कडा गुळगुळीत वाटते. सेरॅटोफायलमलाही वलये असतात. पण तिचे पान सांबराच्या शिंगासारखे दुभंगत जाते आणि तिला मुळेच नसतात. हाताला खरखरीत लागणारी, उग्र वासाची कारा मात्र खरोखर शेवाळवर्गातली. अंगावर चुन्याचा थर बसत असल्याने ती खरखरीत लागते. युट्रिक्युलॅरियाच्या धाग्यांवर टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात. पिशवीच्या तोंडाजवळच्या केसांना पाणपिसू लागली की झडप उघडते आणि पिसू क्षणार्धात आत ओढली जाते. माशांची नुकती जन्मलेली पिल्ले असलेल्या टाकीत ही वनस्पती नको.

व्हॅलिस्नेरियाची पाने फितीसारखी लांब. तिची नरफुले तळाशीच सुटतात आणि वर येऊन पाण्यावर तरंगू लागतात. मादीफूल लांबलचक देठावर पृष्ठभागापर्यंत येते. परागण झाले की तो देठ स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो आणि फूल पुन्हा पाण्याखाली ओढले जाते. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गोल्डफिशसोबत हीच वनस्पती होती. कुजकी पाने पाणी बिघडवू लागली तेव्हा त्यांनी टाकीत गोगलगाई सोडल्या, आणि मासे, वनस्पती व गोगलगाई यांचा मेळ जमला.

काठच्या गटात नीरब्राह्मी, रोटाला, लिम्नोफिला आणि चार पाकळ्यांसारखे पान असलेले मार्सेलिया हे नेचे येते. चुरगळल्यावर सुगंध येणाऱ्या लिम्नोफिलाच्या काही जातींत पाण्यावरची पाने साधी, तर पाण्याखालची केसासारखी चिरलेली असतात. त्यामुळे एकाच रोपाचे दोन तुकडे दोन वेगळ्या वनस्पतींचे वाटतात. उघड्यावर वाढलेले रोप टाकीत बुडवले की जुनी पाने गळतात. ते मेले असे समजून उपटू नये. शेंडा हिरवा असेल तर दोनतीन आठवड्यांत पाण्याखाली जगणारी नवी पाने फुटतात.

रोपे आणताना फवारणी होणाऱ्या शेताजवळचे किंवा सांडपाणी मिसळणारे तळे टाळावे. अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून वनस्पती आणण्यास कायद्याने मनाई आहे. कासच्या पठारावरचा वायतुरा, म्हणजे अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिस, यासारख्या मोजक्याच जागी उगवणाऱ्या वनस्पती जागेवरच पाहाव्यात. सामान्य जातींचाही मूठभर तुकडा पुरतो, कारण हायड्रिला एखाद्या पेरापासूनही वाढते.

तळ्यातल्या रोपाबरोबर गोगलगाईंची अंडी, जळवा आणि चतुराच्या अळ्या येतात. चतुराची अळी लहान मासे खाते. म्हणून रोप वाहत्या पाण्यात धुऊन पांढऱ्या बादलीत ठेवावे. पांढऱ्या तळावर हलणारे जीव लगेच दिसतात. मग पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवून स्वच्छ धुवावे. अंडी यातूनही वाचतात, तेव्हा रोप दोनतीन आठवडे बादलीतच उजेडात ठेवून रोज पाहावे.

टाकीच्या तळाशी धुतलेल्या जाड वाळूचा पाचसहा सेंटिमीटरचा थर पुरतो. व्हॅलिस्नेरिया लावताना मुळे वाळूत जावीत, पण पाने जिथून फुटतात तो गाभा वर राहावा. तो पुरला गेला तर कुजतो. हायड्रिलाच्या पाचसहा काड्या एकत्र खोचाव्यात. सेरॅटोफायलम रोवण्याची गरज नाही, ती सुटी सोडली तरी वाढते. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवले तर त्यातला मोकळा क्लोरीन उडून जातो. आठ तासांचा दिवा बहुतेक जातींना पुरे. काचेवर शेवाळ चढू लागले तर वेळ कमी करावी. खिडकीतले थेट ऊन टाळावे.

रोपे रुजली की छाटणी सुरू होते. छाटलेला पाला ओढ्यात, तळ्यात किंवा गटारात टाकू नये. इथली साधी हायड्रिला मत्स्यालयाच्या व्यापारातून अमेरिकेतल्या फ्लोरिडात पोहोचली आणि तिथे कालवे तुंबवणारे तण ठरली. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने इथल्या नद्यांचे तेच केले. पाला उन्हात कडक वाळवावा आणि मग खताच्या खड्ड्यात टाकावा. ओल्या तुकड्यातला एखादा पेर जिवंत राहिला तरी तो नव्या पाण्यात मूळ धरतो.